अकरा वर्षांची वॅगन आर, विमा कंपनी म्हणते ‘टोटल लॉस’. भांडू की गप्प पैसे घेऊ?

रानजाई | ७ जुलै २०२५, रात्री ९:४०

मंडळी, गाडीतलं मला फारसं कळत नाही. विम्यातलं तर त्याहून कमी. म्हणून इथे विचारतेय.

गाडी वॅगन आर व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१४ ची, एमएच ११. चालली आहे ७४ हजार किलोमीटर. पहिले मालक आम्हीच, सर्व्हिसिंग कधी चुकवलं नाही. १८ जूनला साताऱ्याहून पुण्याला जात होतो. खंबाटकीचा बोगदा संपून ते कुप्रसिद्ध एस वळण येतं ना, त्याच्या जरा पुढे वाहतूक खोळंबली होती. आम्ही थांबलो, मागचा टेंपो थांबला नाही. त्याने आम्हाला ठोकलं आणि आम्ही जाऊन पुढच्या ट्रकला. म्हणजे डिकीही गेली आणि बोनेटही. माणसं सुखरूप आहेत, यजमानांना दोन आठवडे मानेचा पट्टा लागला तेवढंच. पोलिसांत नोंद केली आहे.

वर्कशॉपचं इस्टिमेट आलं १,५८,४०० रुपये. पॉलिसीवर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) १,७२,०००. नुकसान मोजणारे सर्वेअर येऊन फोटो काढून गेले आणि काल कंपनीचा मेल आला: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जातो, त्यामुळे गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त न करता पूर्ण गेली असं धरायचं. दोन पर्याय दिलेत. गाडी कंपनीला देऊन १,७१,००० घ्या, किंवा गाडी स्वतःकडे ठेवून ९३,००० घ्या. दोन्हींत आरसी रद्द करून द्यायची. उत्तर सात दिवसांत. वर्कशॉपवाला तर आजपासूनच रोजचे ५०० रुपये पार्किंग लावतो म्हणतोय.

साताऱ्यात अशीच गाडी बघायला गेले तर २ लाख ४० हजारांच्या खाली कुणी बोलत नाही. मला माझीच गाडी दुरुस्त करून हवी आहे. त्यांनी टोटल म्हटलं की टोटलच का?

---

टेकडीवरचा | ७ जुलै, रात्री १०:०५

ताई, रागावू नका, पण अकरा वर्षांच्या गाडीचे १,७१,००० मिळतायत तर घ्या आणि मोकळ्या व्हा. पुढून मागून दोन्हीकडून चेपलेली गाडी पुन्हा सरळ होत नाही. आणखी चार वर्षांनी पंधरा पूर्ण झाली की ग्रीन टॅक्स आणि फिटनेसच्या फेऱ्या आहेतच.

---

पाना_१४_१५ | ७ जुलै, रात्री १०:३१

टेकडीवरचे साहेब, तुम्ही टेकडीवरूनच गाडी बघितली की काय? फोटो बघितल्याशिवाय सरळ होत नाही म्हणायचं नसतं.

ताई, पहिलं काम: कशावरही सही करू नका. ‘संमतीपत्र’ म्हणून एक कागद वर्कशॉपमध्येच पुढे सरकवतील, त्यावर तर अजिबात नाही. दुसरं काम: इस्टिमेटचं पहिलं पान नको, सगळी पानं टाका. कुठल्या पार्टपुढे ‘बदली’ लिहिलंय आणि कुठल्यापुढे ‘दुरुस्ती’, ते बघायचंय. डीलरच्या वर्कशॉपमध्ये डिकीच्या दाराला मुठीएवढा पोचा असला तरी नवं दार लिहितात. सर्वेअर कापणारच हे धरूनच इस्टिमेट फुगवलेलं असतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. जुन्या गाडीला मात्र तेच इस्टिमेट फास होऊन बसतं.

---

रानजाई | ७ जुलै, रात्री ११:१२

पानं सात आहेत, फोटो उद्या चढवते. यजमानांनी बसून बेरीज केली ती अशी (जीएसटी धरून):

पत्रा आणि लोखंडी पार्ट ६२,०००. प्लास्टिक, रबर वगैरे ३४,०००. काचा ९,०००. मजुरी ३१,४००. पेंटिंग २२,०००.

एअरबॅग या मॉडेलला नव्हत्याच. झीरो डेप (पार्टांच्या जुनेपणाची कपात न करणारं जादा कव्हर) नाही, इतक्या जुन्या गाडीला देत नाही म्हणाले होते.

---

माजी_सर्वेअर | ८ जुलै, सकाळी ६:५०

रानजाई ताई, छत्तीस वर्षं हेच काम केलं आहे, निम्मं कंपन्यांसाठी आणि निम्मं पावसात. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पॉलिसीच्या छापील पुस्तिकेत आयडीव्हीचा परिच्छेद काढा. शेवटच्या ओळी बघा. गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ कधी धरायची? गाडी परत आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, *पॉलिसीच्या अटींना अधीन राहून*, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर. २००२ च्या मोटर टॅरिफपासून (मोटार विम्याची नियमावली) हीच शब्दरचना चालत आली आहे. बहुतेक जण ७५ टक्के एवढंच वाचतात आणि मधले शब्द गाळतात.

पॉलिसीच्या अटी म्हणजे काय? घसारा (पार्टांच्या जुनेपणाची कपात) आणि सक्तीची वजावट (क्लेममधला मालकाने सोसायचा वाटा). तुमची गाडी दहा वर्षांच्या वरची, म्हणून लोखंडी पार्टांवर ५० टक्के घसारा. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. काचेवर शून्य. मजुरी पूर्ण. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगाचं सामान धरतात आणि त्याच्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे एकूण पेंटिंगच्या साडेबारा टक्के. वजावट १५०० सीसीच्या आतल्या गाडीला १,००० रुपये.

आता तुमचे आकडे घालतो. लोखंड ३१,०००. प्लास्टिक १७,०००. काच ९,०००. मजुरी ३१,४००. पेंटिंग १९,२५०. बेरीज १,०७,६५०. वजावट जाऊन १,०६,६५०.

आयडीव्हीचे ७५ टक्के होतात १,२९,०००. कंपनीवर येणारा बोजा १,०६,६५०, म्हणजे ६२ टक्के. माझ्या वाचनाप्रमाणे ही गाडी टोटल लॉसमध्ये बसतच नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगतो: सगळ्या कंपन्या असं वाचत नाहीत. काहींचा क्लेम विभाग सरळ वर्कशॉपचं कच्चं इस्टिमेट घेतो आणि आयडीव्हीशी ताडून मोकळा होतो. का ते बघायचं असेल तर तुमचाच दुसरा पर्याय बघा. ९३,००० देऊन गाडी तुमच्याकडे ठेवायला सांगतात, म्हणजे मोडक्या गाडीला लिलावात ७८,००० ची बोली आली आहे (१,७२,००० वजा ७८,००० वजा १,०००). गाडी त्यांनी घेतली तरी त्यांच्या खिशातून निव्वळ ९३,०००च जाणार. दुरुस्ती मान्य केली तर १,०६,६५० जाणार. साडेतेरा हजारांचा फरक आहे, बाकी गूढ काही नाही.

---

सौ_भरली_वांगी | ८ जुलै, सकाळी ९:१५

काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून गाडीच्या कागदांत ठेवतेय.

---

पाना_१४_१५ | ८ जुलै, सकाळी ९:२२

काका, साष्टांग.

ताई, हिशोबातून एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आलीय का? १,५८,४०० मधले कंपनी १,०६,६५० देणार. उरलेले ५१,७५० तुमच्या पदरचे. भांडून जिंकलात तरी ते भरायचेच आहेत.

---

रानजाई | ८ जुलै, सकाळी ११:४०

माजी सर्वेअर काका, डोळ्यांत पाणी आलं हो. तीन आठवड्यांत कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

पाना दादा, ५१,७५० कळले. तरी १,७१,००० मध्ये ७० घालून दुसऱ्याची न बघितलेली गाडी घेण्यापेक्षा ते परवडतं.

आता एक कबुली. फेब्रुवारीत ऑनलाइन नूतनीकरण मीच केलं. त्या पानावर आयडीव्हीची सरकपट्टी असते बघा. २,३०,००० वर होती. डावीकडे ओढली तसा हप्ता कमी होत गेला. सहाशे-सातशे रुपये वाचले म्हणून संध्याकाळी यजमानांना ऐटीत सांगितलं होतं. आज हिशोब करून बघितला: २,३०,००० चे ७५ टक्के १,७२,५००. म्हणजे पट्टी जागेवर राहू दिली असती तर घसारा न कापता पूर्ण इस्टिमेट धरूनही गाडी टोटल झाली नसती. यजमान काही बोलत नाहीत, हेच जास्त लागतंय.

---

माजी_सर्वेअर | ८ जुलै, दुपारी १:०५

स्वतःला बोल लावू नका. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीचा तक्ता ठरलेला असतो, शोरूम किमतीतून वयाप्रमाणे ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वजा. पाच वर्षांच्या पुढे मात्र ग्राहक आणि कंपनी मिळून ठरवतात. पूर्वी एजंट समोर बसून विचारायचा, आता ती पट्टी आली. पट्टी डावीकडे ओढली की हप्ता उतरतो एवढं दिसतं, टोटल लॉसची रेषाही खाली येते हे कुठे लिहिलेलं नसतं.

---

ऑस्टिनचा_अण्णा | ८ जुलै, दुपारी ३:३०

इकडे अमेरिकेत थोडं वेगळं आहे. आयडीव्हीसारखा आधी ठरवलेला आकडा नसतो. अपघात झाल्यावर कंपनी ‘आजचा बाजारभाव’ काढते आणि सगळं भांडण त्या भावावर होतं. आसपास विकायला असलेल्या तशाच गाड्यांचा अहवाल देतात. माझ्या २००९ च्या कोरोलाच्या वेळी त्यात दोनशे मैल लांबच्या, जास्त चाललेल्या गाड्या घातल्या होत्या. मी जवळच्या पाच जाहिराती आणि टायर-बॅटरीच्या पावत्या लावून पाठवल्या, रक्कम वाढली. टोटलची रेषा राज्याराज्यांत वेगळी: फ्लोरिडात ८० टक्के, आमच्या टेक्सासात १००. तुमच्याकडे निदान आकडा आधीच कागदावर असतो, हे बरं म्हणायचं.

---

टेकडीवरचा | ८ जुलै, दुपारी ४:१०

बरं म्हणायचं कसं? आमच्या मेव्हण्याला टोटल लॉसमध्ये आयडीव्हीसुद्धा पूर्ण देत नव्हते. ‘आजचा बाजारभाव कमी आहे’ म्हणून तीस हजार कापत होते.

---

काळा_कोट | ८ जुलै, सायंकाळी ६:४५

टेकडीवरचे, मेव्हण्यांना सांगा, ते चालत नाही. त्याच टॅरिफमध्ये लिहिलंय की पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हीच गाडीची बाजारकिंमत धरायची, वर आणखी घसारा नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा धर्मेंद्र गोयल निकालही आहे: ज्या किमतीवर हप्ता घेतलात, त्या किमतीपासून क्लेमच्या वेळी मागे फिरता येणार नाही.

रानजाई ताई, तुमच्यासाठी दुसरा निकाल, २००९ चा, न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार. सर्वेअरचा अहवाल महत्त्वाचा पुरावा आहे, पण शेवटचा शब्द नव्हे. तो ना कंपनीवर बंधनकारक ना ग्राहकावर. पण हे ब्रह्मास्त्र पहिल्याच पत्रात काढू नका.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. चौदा दिवसांत निकाल द्यायचा असतो. सोबतच आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद, म्हणजे कंपनीला खाली मान घालून उत्तर द्यावं लागतं. महिना गेला किंवा नकार आला की विमा लोकपाल. साताऱ्याचं प्रकरण पुण्याच्या कार्यालयात जातं, नारायण पेठेत आहे. फी नाही आणि वकील चालत नाही. (आमच्या पोटावर पाय, पण नियम चांगला आहे.) लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं. तिथे मुदत दोन वर्षं.

आणि तो टेंपो विसरू नका! चूक त्याची आहे. तुमच्या विम्यातून न मिळालेला खर्च, म्हणजे ते ५१,७५०, टेंपोच्या थर्ड पार्टी विम्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतो. यजमानांच्या उपचारांचा खर्चही तिथेच. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा डुलकी नको. पोलिसांकडून कागदांच्या प्रती आजच मागा.

---

वाशिष्ठीकाठ | ८ जुलै, रात्री ८:२०

गाडी स्वतःकडे ठेवून कमी पैसे घ्यायच्या पर्यायाबद्दल एक अनुभव. २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. आमची आय-टेन दोन दिवस पाण्याखाली. टोटल झाली, मीच म्हटलं राहू दे आपल्याकडे. नंतर दुरुस्तीचा जीव होईना, लांबून आलेल्या एका व्यापाऱ्याला चालू आरसीसकट विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या. गाडी ट्रेलरवर चढली, मी हुश्श केलं.

वर्षभराने माझ्या मोबाइलवर वेगाचं चलन. परराज्यातलं. फोटोत माझा नंबर आणि खाली पांढरीशुभ्र गाडी. माझी लाल होती! मोडक्या गाडीचा चासी नंबर आणि आरसी चोरीच्या गाडीला लावतात हे पोलीस ठाण्यात कळलं. चार चकरा झाल्या. त्यामुळे कंपन्या आता आरसी रद्द करून मागतात ते एका अर्थी बरोबरच आहे. गाडी खरोखर मोडीत निघाली असेल तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कायदाही म्हणतो.

---

पाना_१४_१५ | ८ जुलै, रात्री ९:००

म्हणूनच मला दुसरा पर्याय कागदावर आवडला होता आणि प्रत्यक्षात आवडला नाही. ९३,००० घ्यायचे आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये ९५-९८ हजारांत उभी करायची, पदरचे दोन ते पाच हजारच गेले असते. पण आरसी रद्द झाल्यावर ती गाडी रस्त्यावर आणणार कशी? अंगणात ठेवून कोंबड्या पाळायच्या.

ताई, फोटो बघितले. समोरचा क्रॉस मेंबर, रेडिएटर, कंडेन्सर, बोनेट गेलंच. पण उजवा फेंडर डेंटिंगमध्ये निघेल, तुमच्याकडे नवा लिहिलाय. मागे डिकीचा फ्लोअर दुमडलाय, तो ओढून सरळ होईल. मुख्य म्हणजे लाँग मेंबर (सांगाड्याचा लांबीतला मुख्य भाग) सरळ दिसतोय. तरी मापं घेऊन खात्री करा म्हणावं. टेकडीवरच्यांचा मुद्दा अगदीच फुकट नाही. लाँग मेंबर वाकला असता तर मीच म्हटलं असतं, सोडा.

---

टेकडीवरचा | ८ जुलै, रात्री ९:१०

अखेर एक गुण मिळाला. धन्यवाद.

---

म्हापशेकर | ८ जुलै, रात्री १०:३५

एक बारीक प्रश्न. गाडीवर कर्ज होतं का? फिटल्यावर आरसीवरून बँकेचं नाव काढलंत का?

---

रानजाई | ८ जुलै, रात्री १०:५०

अगं बाई! २०१९ ला फिटलं. एनओसी कपाटात आहे. नाव काढायला कधी गेलोच नाही.

---

म्हापशेकर | ८ जुलै, रात्री ११:०२

वाटलंच. आमच्याकडेही हाच घोळ झाला होता. टोटल लॉसचे पैसे आधी आरसीवर नाव असलेल्या बँकेला जातात. एनओसी जुनी झाली असेल तर बँकेकडून नवी घ्या, फॉर्म ३५ भरून नाव काढून टाका. कॅशलेस दुरुस्तीत पैसे वर्कशॉपला जातात म्हणून अडत नाही, पण उद्या टोटल स्वीकारायची वेळ आलीच तर तिथेच गाडी रुतेल.

---

माजी_सर्वेअर | ९ जुलै, सकाळी ७:०५

पत्राचा मसुदा देतो. लांब लिहू नका. अपघाताचं वर्णन, मनस्ताप, घरची परिस्थिती, काहीही नको. तिकडे वाचणारा पोरगा दिवसाला साठ मेल वाचतो.

‘आपल्या ६ जुलैच्या मेलमधील टोटल लॉसचा निर्णय मला मान्य नाही. पॉलिसीच्या आयडीव्ही कलमानुसार दुरुस्तीचा खर्च पॉलिसीच्या अटींना अधीन राहून मोजायचा आहे. घसारा आणि वजावट जाता आपली देय रक्कम माझ्या हिशोबाने १,०६,६५० रुपये होते; ही आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १,२९,००० पेक्षा कमी आहे. हिशोब सोबत जोडला आहे. कृपया सर्वे अहवालाची प्रत द्यावी आणि क्लेम दुरुस्ती तत्त्वावर मंजूर करावा. निर्णय वादात असेपर्यंत वर्कशॉपच्या पार्किंग शुल्काची जबाबदारी माझी राहणार नाही.’

शेवटचं वाक्य ते मान्य करतीलच असं नाही. पण कागदावर असू द्या. अहवालाची प्रत मात्र सोडू नका, तो तुमचा हक्क आहे. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्वेअरने पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून कंपनीने सात दिवसांत निर्णय. म्हणजे तो अहवाल आत्ता त्यांच्या फाइलीत असलाच पाहिजे.

वर्कशॉपच्या व्यवस्थापकाला मेलची प्रत टाका आणि एकदा समक्ष भेटा. भेटताना चढ्या आवाजात बोलू नका. गाडी दुरुस्त झाली तर धंदा त्याचाच आहे. तो तुमच्याच बाजूचा आहे, फक्त त्याला ते अजून कळलेलं नाही.

---

रानजाई | १९ जुलै, रात्री ८:३०

अपडेट. मेल ९ तारखेला गेला. ११ ला फोन: ‘मॅडम, सिस्टीमनेच टोटल केलंय, आमच्या हातात नाही.’ मी म्हटलं, सिस्टीमला माझा मेल दाखवा. १४ ला अहवाल हाती आला. उशिरा आला, पण आला.

काका, बसून घ्या. सर्वेअरने शेवटच्या पानावर स्वतःच निव्वळ देय रक्कम काढलेली आहे. १,०६,६५०. रुपयाचाही फरक नाही! शेरा आहे: ‘दुरुस्ती तत्त्वावर शक्य.’ म्हणजे त्या माणसाने त्याचं काम चोख केलं होतं आणि क्लेम विभागाने त्याच्या अहवालाच्या पहिल्या पानावरचा इस्टिमेटचा आकडा उचलून ७५ टक्क्यांशी ताडला होता. मी तीन आठवडे त्या बिचाऱ्या सर्वेअरला शिव्या देत होते.

हे पान जोडून दुसरा मेल केला आणि बीमा भरोसावरही टाकलं.

---

माजी_सर्वेअर | १९ जुलै, रात्री ९:१५

शिव्यांची सवय असते ताई. त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

---

काळा_कोट | १९ जुलै, रात्री ९:४०

आता ते पान जपून ठेवा. लोकपालांपुढे जायची वेळ आलीच तर बाकी काही बोलावं लागणार नाही.

---

रानजाई | २६ जुलै, दुपारी १२:२०

आली! मंजुरी आली. ‘पुनर्विचाराअंती क्लेम दुरुस्ती तत्त्वावर स्वीकारण्यात येत आहे.’ आधीच्या निर्णयाबद्दल चकार शब्द नाही, जणू टोटल लॉस मलाच स्वप्नात दिसला होता.

पार्किंगचे दहा हजारांच्या आसपास झाले होते. कंपनी म्हणाली आमचा संबंध नाही. काकांच्या सल्ल्याने व्यवस्थापकांना भेटले, आवाज चढवला नाही. त्यांनी २,००० घेतले आणि विषय मिटवला.

---

टेकडीवरचा | २६ जुलै, दुपारी १:०५

अभिनंदन ताई. तरी खवचटपणा करतोच: पदरचे पन्नासेक हजार, क्लेम न केल्याचं बक्षीस म्हणून साचलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस शून्यावर, सव्वा महिना एसटीने प्रवास. १,७१,००० घेतले असते तर?

---

रानजाई | २६ जुलै, दुपारी १:३०

बोनस तर टोटल घेऊनही गेलाच असता, क्लेम तो क्लेमच. आणि टेकडीवरचे, १,७१,००० मध्ये ७४ हजार चाललेली, पहिल्या मालकाची, पाण्यात न बुडालेली वॅगन आर आणून द्या, आत्ता घेते.

---

पाना_१४_१५ | २६ जुलै, दुपारी १:३३

😄

ताई, गाडी उघडल्यावर आतून आणखी काही निघेल. निघतंच. तेव्हा पुरवणी इस्टिमेट सर्वेअरकडून मंजूर करून घेतल्याशिवाय पार्ट बसवू देऊ नका, नाहीतर तो सगळा खर्च तुमच्या माथी. आणि काढलेले जुने पार्ट डोळ्यांनी बघा.

---

रानजाई | २४ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

गाडी काल घरी आली.

पाना दादा म्हणाले तसंच झालं, आतून १४,००० चं लोखंड आणखी निघालं. पुरवणीत निम्मे मंजूर. म्हणजे कंपनीने भरले १,१३,६५०, आम्ही ५८,७५०, वर पार्किंगचे २,०००. लाँग मेंबरची मापं माझ्यासमोर घेतली, सरळ आहे. साताऱ्यापासून वाईपर्यंत चालवून बघितली, स्टिअरिंग सोडलं तरी एका बाजूला ओढत नाही. डिकी लावताना मात्र आता जरा जोर लागतो.

न्यायाधिकरणातला अर्ज काळा कोट यांच्या ओळखीच्या वकिलांनी गेल्या आठवड्यात घातला. टेंपोचा विमा चालू होता, हे नशीब. बँकेचं नाव आरसीवरून काढायला दिलं आहे.

एक गोष्ट कुणाच्याच हिशोबात आली नाही. ती नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट, मार्चमध्ये रांगा लावून ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून बसवलेली. पुढची आणि मागची, दोन्ही पापडासारखी दुमडली. इस्टिमेटमध्ये नव्हती, अहवालात नव्हती, पुरवणीतही नाही. आता पुन्हा ऑनलाइन नंबर लावलाय, तारीख मिळाली आहे सप्टेंबरची.

---

सौ_भरली_वांगी | २४ ऑगस्ट, रात्री ८:००

आणि फेब्रुवारीत ती सरकपट्टी?

---

रानजाई | २४ ऑगस्ट, रात्री ८:०४

यजमान करणार आहेत नूतनीकरण. मला मोबाइलला हात लावायची परवानगी नाही.